शनिवारचं तेल

जमीलचाचांनी टाक्यातून हात वर काढला आणि त्यांच्या अंगठ्यावरचा हातमोजा, कुणी ओढला नाही की ताणला नाही, आपला आपणच फाटला. सोमवारची सकाळ, नुकते आठ वाजले होते. बाग गावातल्या त्या छपाईच्या कारखान्यात कोरं कापड एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मळायचं काम चाललं होतं आणि अजेय भिंतीला टेकून चहा पीत होता. हातमोजे त्यानेच आणले होते. धारला त्याचं बागछपाईच्या साड्यांचं दुकान होतं, दहा वर्षं तो दर पंधरा दिवसांनी इथे यायचा आणि मागच्या खेपेला चाचांच्या तळहातांवरच्या भेगा पाहून त्याला राहवलं नव्हतं. डॉक्टर घालतात तसल्या पातळ रबरी हातमोज्यांचे दोन खोके आणून त्याने मोठ्या थाटात वाटले होते. "देख लो भिया," चाचा हात पुढे करून म्हणाले, "तुम्हारे दस्ताने तेल पी गए. पहले फूले, फिर चिपचिपे हुए, अब ये हाल. रबड़ और तेल की कभी बनी है क्या?" अजेयने तो हातमोजा काढून घेतला. दोन बोटांत धरून जरा ताणला, तर भिजल्या पापडासारखा लोंबला आणि तुटला. चाचा हसले, बाकीचे कारागीर हसले, अजेयही हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. कारण हेच रबर, इतकंच पातळ, आणि असंच तेल, म्हणजे एरंडेल नव्हे, घरचं खोबरेल, पण तेल ते तेल, त्याने परवा शनिवारी रात्री देवासला मननच्या खोलीत स्वतःच्या हाताने एकत्र आणलं होतं. आणि परवाच कशाला, गेले चौदा महिने, जवळजवळ प्रत्येक शनिवारी.

अजेय जगदाळे हा काळजी घेणारा माणूस होता, आणि ही गोष्ट लोकांना कळण्याची वाट न पाहता तो स्वतःच सांगून टाकायचा. दुकानात आग विझवायचं नळकांडं, गाडीत प्रथमोपचाराची पेटी, पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून चिकटपट्ट्या. हे त्याच्या रक्तातच होतं म्हणे. पणजोबा धारच्या दरबारात मुदपाकखान्यावर होते. महाराजांच्या ताटात जायच्या आधी प्रत्येक पदार्थ चाखून बघायचा आणि मगच पुढे पाठवायचा, हे त्यांचं काम. वडील, मानसिंगराव, ही हकीकत पाहुण्यांना सांगायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचे, "जगदाळ्यांच्या हातून कुणाला बाधा झाली नाही." लहानपणी अजेयला हे वाक्य इतकं आवडायचं की शाळेचा डबासुद्धा तो मित्रांना देण्याआधी एक घास खाऊन बघायचा. आता अडतिसाव्या वर्षीही त्याला ते आवडत होतं. पुरुषांवर प्रेम करणारा माणूस म्हणून त्याने ज्या काही गोष्टी घरापासून लपवल्या त्यांतही हे वाक्य त्याने सोडलं नव्हतं. कंडोमशिवाय एकदाही नाही, दारू प्यायल्यावर नाही, समोरचा कितीही रुसला तरी नाही. मननला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा इंदूरला पोहे खाता खाता त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझ्याबरोबर तुला कसलीच भीती नाही." मननने वर बघितलं होतं आणि म्हणाला होता, "बढिया. मग आपण दोघं एकदा टेस्ट करून घेऊ." अजेय त्यावर हसला होता. मोकळं, मोठं, जगदाळ्यांचं हसू.

तेलाचं म्हणाल तर त्यातही त्याने डोकं लावलं होतं. त्या मार्गाला शरीराचा स्वतःचा ओलावा नसतो, कातडी नाजूक असते, घाई केली की चीर पडते, रक्त येतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, विशीत सोसून कळलं होतं. म्हणून तेल, आणि सढळ हाताने तेल. आणि तेल म्हणजे जमुनाआत्याचं. जमुनाआत्या ही वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत परत माहेरी आली ती कायमची. जास्वंदीची फुलं आणि ब्राह्मी घालून ती खोबरेल कढवायची आणि घरातल्या यच्चयावत दुखण्यांवर तेच लावायची. डोकं दुखलं, तेल. पोट दुखलं, बेंबीत तेल. चप्पल चावली, तेल. दाराची बिजागरी कुरकुरली तरी तिची बोटं वाटीत जायची. आणि तिचा एक कडक नेम होता, शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही. शनी पाठीमागे लागतो. अजेय तिला हसायचा, पण लहानपणापासून कानांवर पडलेली गोष्ट हातापायांत उतरते. मननकडे जायचा वार शनिवार, वाटेत दुकानं शेकडो, पण शनिवारी तेल घ्यायला त्याचा हात पुढे व्हायचाच नाही. मग तो आत्याच्या बरणीतून लहान बाटली भरून घ्यायचा. एकदा आत्याने पाहिलं आणि म्हणाली, "अजू, एवढं तेल कशाला रे नेतोस?" तो म्हणाला, "देवासला माझा एक मित्र आहे, त्याचं अंग दुखतं." आत्या खूश झाली. तिने त्या दिवसापासून बाटली स्वतःच भरून ठेवायला सुरुवात केली, दर शनिवारी, देवापाशी.

आता गाडी बागहून निघाली होती आणि तो फाटका हातमोजा शेजारच्या सीटवर पडला होता. चाचांना त्याने काय सांगितलं, चहा संपवला की नाही, काही आठवत नव्हतं. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, मध्येच एखादी बस, बसच्या टपावर माणसं. हात स्टिअरिंगवर होते आणि त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या हातांकडेच जात होतं. दीड वर्षापूर्वी, मननची ओळख होण्याच्या जरा आधी, ह्याच तळहातांवर डाग आले होते. तांबूस, मुगाच्या डाळीएवढे, खाजत नव्हते, दुखत नव्हते. तळपायांवरही तसेच. तेव्हा तो बागला रंगाच्या कढईपाशी उभा राहून नवा लाल रंग बघायचा, ओल्या कापडाला हात लावायचा. मग दुसरं काय असणार? रंगाची अॅलर्जी. त्याने चाचांना दाखवलं, चाचा म्हणाले, पन्नास बरस से रंग में हाथ है भिया, हमको तो कभी नहीं हुआ. अजेयने ते ऐकलं आणि सोडून दिलं. आत्याने रात्री झोपताना हातापायांना तेल चोळलं. तीन आठवड्यांत डाग गेले. आत्या महिनाभर शेजारणींना सांगत होती की डॉक्टरला पाचशे रुपये द्यायचे वाचले. तेव्हा त्याला हे सगळं गमतीचं वाटलं होतं. आज कापसाच्या शेतांमधून जाताना तळहात स्टिअरिंगवर घामेजले आणि चाचांचं ते वाक्य त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. पन्नास वर्षं रंगात हात असलेल्या माणसाला जे झालं नाही, ते ह्याला पंधरा दिवसांतून एकदा कापडाला हात लावून कसं झालं?

आणि मग एकामागून एक आठवायला लागलं, आपण नको म्हटलं तरी. विक्रमसिंह. इंदूरचा, मननच्या आधीचा, तीन वर्षं भेटत होते, मग तो नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि हळूहळू फोन थांबले. चांगला माणूस होता, वाईट काही नव्हतं. त्याच्याबरोबर कंडोम फाटला होता. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा अजेय कंपनीवर चिडला होता. पहिली कंपनी बदलली, मग दुसरी बदलली, मग जाड घेतले, मग महाग घेतले. चार कंपन्यांना त्याने मनातल्या मनात नालायक ठरवलं, पण आत्याच्या बरणीतल्या त्या तेलावर एकदाही संशय घेतला नाही. घरचं तेल. शुद्ध. ह्यात काय वाईट असणार? गाडी चालवता चालवता त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने हॉर्न दाबला. समोर कुणी नव्हतं.

मननने तर ट्यूबसुद्धा आणली होती. पहिल्या महिन्यातच. पाण्यात विरघळणारं जेल, औषधाच्या दुकानातून, चार गिऱ्हाईकं जाईपर्यंत बाजूला उभं राहून मग मागून आणलेलं. मनन लाजरा नव्हता, पण देवास लहान गाव, तो एका शिकवणीत गणित शिकवायचा आणि काउंटरवरच्या मुलाचा भाऊ त्याच्या वर्गात होता. तरी त्याने आणली. आणि अजेयने ती ट्यूब हातात घेऊन, मागचं सगळं वाचल्यासारखं करून, टेबलावर ठेवून दिली होती. "केमिकल आहे सगळं. आपलं घरचं असताना हे कशाला?" ट्यूब खणात गेली. तिच्याबरोबर एक घडी घातलेला कागदही गेला, तो अजेयने त्या वेळी नीट पाहिलाही नव्हता. मनन एकटाच जाऊन तपासणी करून आला होता. चार वर्षांत त्याचं कुणाशी काही नव्हतं, तरी जाऊन आला होता. कागदावर सगळं ठीक होतं. त्याने तो अजेयपुढे धरला आणि अजेय म्हणाला होता, "अरे, मी घोड्यासारखा ठणठणीत आहे." ते वाक्य आता गाडीभर फिरत होतं. मननचा कागद स्वच्छ होता. म्हणजे आता जर मननला काही झालं असेल, तर ते दुसऱ्या कुणाकडून आलेलं नसेल. जगदाळ्यांच्या हातून आलेलं असेल. त्याला स्वतःच्या आजाराची भीती वाटत होती, नाही असं नाही, पण ती भीती खाली कुठेतरी होती. वर होतं ते एवढंच, की मी ज्याला सांगितलं तुला कसलीच भीती नाही, त्यालाच मी काही दिलं असेल का?

धारच्या अलीकडे, तिरल्याजवळ, त्याने गाडी बाजूला घेतली, काचा वर केल्या आणि सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई इतक्या शांतपणे बोलत होती की जणू तो बसची वेळ विचारत होता. "सर, आखिरी संबंध कब हुआ?" शनिवार, रात्री नऊच्या सुमारास. "किसी का स्टेटस पता है?" त्याचा चौदा महिन्यांपूर्वीचा, माझा कधीच नाही. हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला. तिने नीट सांगितलं. दोघांनी आजच्या आज तपासणी करावी. एकाला एचआयव्ही निघाला आणि दुसऱ्याला नसेल, तर दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून औषध असतं, अठ्ठावीस दिवस घ्यायचं, पण ते संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं. अजेयने घड्याळ बघितलं. अडतीस तास गेले होते. फोन ठेवल्यावर त्याला एकदम बरं वाटलं. काही करता येतं, कुठे जायचं ते माहीत आहे, वेळ आहे. घाबरून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं, हातात काम असलं की तो माणसात यायचा. त्याने मननला फोन केला. "एक वाजता घरी ये. महत्त्वाचं आहे." मनन फक्त "ठीक" म्हणाला.

धार मागे पडलं, इंदूरची गर्दी मागे पडली, मग लांबून टेकडी दिसायला लागली, तिच्यावरचा रोपवे, खाली देवासची पसरलेली घरं. जिने चढून वर गेला तर मनन आधीच आलेला, हाताला खडू लागलेला, खिडकीपाशी उभा. "बोल," तो म्हणाला. "लग्न ठरलं ना तुझं? मी इंटरव्हलमध्ये तेच सोच रहा था. महत्त्वाचं आहे म्हणून कुणी और काय सांगतो?" एक वाजेपर्यंत हा माणूस मुलांना वर्गसमीकरणं शिकवत हे मनात घेऊन उभा होता. "लग्नबिग्न काही नाही," अजेय म्हणाला आणि खिशातून तो हातमोजा काढून टेबलावर ठेवला. मग त्याने सांगितलं. चाचांचा हात, तेल, रबर, विक्रमसिंह, तीन वेळा, तळहातांचे डाग, सगळं, न थांबता, न सजवता. स्वतःची बाजू घ्यायचा मोह त्याला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा त्याने तो गिळला. मननने हातमोज्याला बोट लावलं. बोट चिकटलं. मग खण उघडून त्याने ती ट्यूब बाहेर काढली, वरचं सील तसंच.

"मी बोललो होतो तुला, सोबत जाऊ," मनन म्हणाला. "तू हसला. अजेय, टेस्ट नाही केली त्याचं मला इतकं नाही वाटलं. तू हसला, त्याचं वाटलं. मी दुकानात वीस मिनिट खडा था ह्या ट्यूबसाठी."

"हो," अजेय म्हणाला. "चुकलंच माझं."

"ये पहली बार बोला तू," मनन म्हणाला. आवाजात राग होता आणि तो लपवत नव्हता. त्याने हात धुतले, खडू गेला, टॉवेलला हात पुसले. "चल. तिथे लाइन असते."

जिल्हा रुग्णालयातली एचआयव्ही तपासणीची खोली मागच्या बाजूला होती, रक्त तपासणीच्या पुढे, दारावर हिरवा पडदा. आत टेबलामागे पन्नाशीच्या आतबाहेरची बाई बसली होती, चष्मा केसांवर सरकवलेला, पाटीवर नाव स्वानंदी आणि खाली समुपदेशक. एकेकाला आत बोलावलं. अजेय आधी गेला. तिने अर्ज पुढे ओढला, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि पेन थांबलं. "जगदाळे, धारचे? जमुनाबाई तुमच्या कोण?" पळून जावं असं अजेयला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं होतं, त्यातली ही एक. खोटं सांगता आलं असतं, जगदाळे काय एकच घर आहे? पण आज सकाळपासून त्याने इतकं खरं सांगितलं होतं की खोट्याची सवयच मोडल्यासारखी झाली होती. "आत्या," तो म्हणाला. "धारला माझ्या आईबरोबर भजनाला असायच्या," ती म्हणाली, आणि मग चष्मा खाली घेऊन सरळ त्याच्याकडे बघितलं. "घाबरू नका. ह्या खोलीत मी कुणाच्या मैत्रिणीची मुलगी नाही. इथलं इथेच राहतं, कायद्यानेही आणि माझ्या स्वभावानेही. सांगा. पुरुषांशी संबंध? गुदमार्गे? कंडोम वापरता?" "नेहमी," अजेय म्हणाला. "त्याबरोबर काय लावता?" "तेल." तिने सुस्कारा टाकला, पण चिडली नाही. "महिन्याला दोघं-तिघं हेच सांगतात. कुणी खोबरेल, कुणी मोहरीचं. एकाने साजूक तूप सांगितलं. ठेवता कुठे कंडोम?" "गाडीत." "गाडीत? मे महिन्यात, धारला?" आणि आता मात्र ती हसली, आणि काय झालं कुणास ठाऊक, अजेयही हसला.

तिने जे सांगितलं ते अजेयने धडा घ्यावा तसं ऐकलं, मध्ये एकदाही "मला माहीत आहे" न म्हणता. तेल, तूप, व्हॅसलीन, क्रीम, काहीही तेलकट लावलं की रबर मिनिटांत कमजोर होतं. दिसत नाही, पण होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल घ्यायचं, भरपूर घ्यायचं, सुकलं की पुन्हा लावायचं. दोन कंडोम एकावर एक कधीच नाही, घासून दोन्ही फाटतात. प्रत्येक वेळी नवा, तारीख बघून, दाताने न फोडता. दुखलं तर थांबायचं, बधिर करणारं मलम लावून पुढे जायचं नाही, कारण दुखणं म्हणजे शरीर काहीतरी सांगत असतं. आतून साबणाने धुवायचं नाही. कावीळ ब-ची लस दोघांनी घ्यायची. आणि तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी, काही त्रास असो वा नसो. "रोज एक गोळी घेऊन एचआयव्ही टाळायचं औषधही आता मिळतं, त्याबद्दल डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. "पण एक ध्यानात ठेवा. काळजी घेणं म्हणजे आपण बरोबर आहोत असं समजणं नव्हे. काळजी घेणं म्हणजे बघून घेणं." अजेयला पणजोबा आठवले. ते चव माहीत आहे म्हणून ताट पुढे पाठवत नव्हते. रोज, प्रत्येक पदार्थ, स्वतःच्या जिभेवर ठेवून बघत होते. एवढी साधी गोष्ट घरात चार पिढ्या सांगितली गेली आणि त्यातलं फक्त शेवटचं वाक्य आपण उचललं.

मग बाकावर बसायचं होतं. अर्धा तास. मनन आत जाऊन आला, बोटाला कापूस धरून शेजारी बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून, सार्वजनिक जागी बसायची त्यांची नेहमीची रीत. समोर एक म्हातारी नातीच्या केसांना तेल लावत होती. अजेयने मान वळवली. अर्धा तास कसा गेला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही, पण एक गोष्ट आठवत राहिली, ती म्हणजे त्या अर्ध्या तासात तो देवाला काही म्हणाला नाही, विक्रमसिंहला दोष दिला नाही, हिशोब मांडला नाही, फक्त मननच्या कापूस धरलेल्या बोटाकडे बघत बसला. ते बोट दिसायला नेहमीसारखंच होतं. त्याला काही झालं असेल तर मी काय करीन? मी इथेच असेन. एवढंच उत्तर येत होतं आणि ते पुरेसं वाटत नव्हतं, पण दुसरं काही नव्हतं.

स्वानंदीताईंनी दोघांना आधी वेगवेगळं आणि मग दोघांनी हो म्हटल्यावर एकत्र बसवून सांगितलं. एचआयव्ही दोघांनाही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायचं, कारण अगदी नवी लागण लगेच दिसत नाही, पण आज नाही. अजेयचा श्वास सुटला. मग ती पुढे म्हणाली, "उपदंश मात्र दोघांनाही आहे. सिफिलीस. आपल्याकडचे जुने लोक गरमी म्हणायचे. तुमच्या तळहातांवरचे डाग तेच होते बहुतेक. ते आपोआप जातात, आजार आत राहतो. पक्कं करायला एक चाचणी वर पाठवते, पण डॉक्टर औषध आजच सुरू करतील. पेनिसिलिनचं इंजेक्शन, नक्की कधीपासून आहे हे सांगता येत नाही म्हणून तीन आठवडे, दर सोमवारी एक. पूर्ण बरं होतं. आणि पूर्ण बरं होईपर्यंत शनिवार बंद." शनिवार हा शब्द तिला कुणी सांगितला नव्हता, अर्जावर तारीख होती तेवढीच. ताईंनी विक्रमसिंहलाही कळवायला सांगितलं, आणि अजेयने तिथल्या तिथे फोनमध्ये त्याचा नंबर शोधून ठेवला. मग तो मननकडे वळला. सांगणं भाग होतं आणि ते बाकावर नव्हे, इथेच, साक्षीदारासमोर सांगायचं त्याने ठरवलं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "तुझा कागद साफ होता. हे माझ्याकडून आलंय."

"हो, तुझ्याचकडून," मनन म्हणाला. त्याने ते सौम्य केलं नाही आणि अजेयला त्याचं बरं वाटलं, कारण सौम्य केलेलं त्याला पेललं नसतं. मननने कापूस टोपलीत टाकला, दाराकडे बघितलं, आतल्या खोलीत नर्स सुई भरत होती, आणि मग त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "चल ऊठ. तुझे पणजोबा चाखून बघायचे ना आधी? जा, आधी तू चाखून ये."

ते इंजेक्शन ज्याने घेतलंय त्याला सांगायला नको. आधी थेंबभर टोचून बघतात, चालतंय का ते, आणि मग खुब्यावर, जाड, दह्यासारखं औषध, हळूहळू. अजेय दात आवळून पडून राहिला. बाहेर आला तेव्हा उजवा पाय टेकत नव्हता. मनन आत गेला आणि पंधरा मिनिटांनी तसाच, उजवाच पाय ओढत बाहेर आला. दोघं रुग्णालयाच्या फाटकातून निघाले तर दोघांचीही चाल एक, लंगडण्याची लय एक. लोक वळून बघत होते. चौदा महिन्यांत ते कधी एका रस्त्यावर शेजारी शेजारी चालले नव्हते, मनन पुढे, अजेय दहा पावलं मागे, अशीच पद्धत. आज दहा पावलं मागे राहायला पाय तयार नव्हता. मननने त्याचा दंड धरला, मग त्याने मननचा खांदा, आणि अजेयला वाटलं, बघू देत. चोरायला आता उरलंय तरी काय? वाटेत त्याने चाचांना फोन लावला आणि सांगितलं, "चाचा, वो दस्ताने फेंक दो. तेल में टिकने वाले आते हैं, नीले रंग के, मैं पूछ के लाता हूँ." चाचा म्हणाले, "पहले पूछ लेते भिया." "हाँ चाचा," अजेय म्हणाला, "पहले पूछ लेना था."

मननच्या जिन्याखाली उमाशंकरकाका खुर्ची टाकून बसले होते. घरमालक, गल्लीतल्या देवळात पूजेला असणारे, जिन्यावरून कोण जातं कोण येतं ह्याची खबर ठेवणारे. अजेयला ते नेहमी "धारचे मित्र" म्हणून ओळखत आणि मननही तेवढंच सांगत आलेला. त्यांनी दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय रे मनन, दोघंही लंगडताय? आणि एकाच पायाने?" मनन थांबला. अजेयला त्याच्या हाताची पकड जाणवली, ती सैल होईल असं वाटलं आणि झाली नाही. "इंजेक्शन घेतलं, काका, दोघांनी. अजून दोनदा घ्यायचंय. हा आता जरा जास्त येईल इथे. अजेय. माझा माणूस आहे." काकांनी ते ऐकलं. कसं ऐकलं कोण जाणे, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि एक लहान बाटली घेऊन बाहेर आले. "इंजेक्शनने पाय धरतो. हे घ्या, तिळाचं, घरी काढलेलं. चोळा दोघांनी एकमेकांच्या. सोमवार आहे, घ्यायला हरकत नाही."

मननच्या तोंडातून आधी बारीक आवाज निघाला, मग खांदे हलायला लागले आणि तो जिन्याचा कठडा धरून हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पाय दुखत होता तरी. काका भांबावून बघत राहिले. अजेयने बाटली दोन्ही हातांनी घेतली, पुढे वाकून त्यांच्या पाया पडला, तेवढ्याने खुब्यात कळ उठली तरी. "पायाला लावू काका," तो म्हणाला. "फक्त पायालाच."

मग दोघं जिना चढायला लागले, एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी, थांबायचं. अजून दोन सोमवार बाकी होते.